एका बाळंतपणाची सरपंचकी

हरेश्वर भाषणाला उभा राहिला की आमच्या भुईवाडीतली शहाणी माणसं जवळचं एखादं केळीचं हिरवं लोंगर बघून ठेवत. "सन्माननीय अध्यक्ष" म्हणाला तेव्हा कच्चं असलेलं लोंगर "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" येईपर्यंत पिकून पिवळं होई, आणि त्यातली अर्धी केळी कावळ्यांनी खाल्लेली असत. हे मी स्वतः पाहिलंय. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा, ते अजून तिथंच आहेत.

भुईवाडी वसईजवळच्या पापडीच्या पलीकडे. पानवेलींचे मांडव, केळी, सोनचाफा आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. बावखलाच्या पाण्यावर वाड्या जगतात आणि बावखलाच्या काठावर बसून माणसं दुसऱ्याच्या घरातलं बोलतात. त्या काठावर उगवलेला पहिला एम. ए. म्हणजे हरेश्वर. विषय राज्यशास्त्र. बाप म्हणाला, "शास्त्र कळलं रे, पण राज्य कुठाय?"

"ते मिळवीन," हरेश्वर म्हणाला. बाप वाट बघत बघत गेला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तिघं बरोबर शिकत होती: हरेश्वर, आमच्याच गावातला सॅन्टन आणि वसई शहरातली मीरा. आधी वसईच्या कॉलेजात, मग कलिन्याला विद्यापीठात. हरेश्वरला सगळं पाठ. सार्वभौमत्वाची व्याख्या तो झोपेत इतक्या वेळा म्हणे की शेजाऱ्यांचा कुत्रा परीक्षेला बसला असता तर दुसऱ्या वर्गात निघाला असता. सॅन्टन एम. ए.च्या पहिल्याच वर्षी आपटला आणि म्हणाला, "पुढाऱ्यांचं शास्त्र वाचण्यापेक्षा पुढाऱ्याची गाडी पुसलेली बरी." पुसली त्याने. पुसता पुसता भरावाच्या मातीचं कंत्राट मिळालं, मग सातिवलीला गोदामं झाली आणि शेवटी त्याचीच गाडी पुसायला एक माणूस आला. मीरा कमी बोले. हरेश्वर बोले ते ऐकून घ्यायची, त्यातलं कामाचं तेवढं ठेवायची. ती एमपीएससीला बसली आणि नायब तहसीलदार झाली.

आणि विद्यापीठात वर्गात पहिला आलेला हरेश्वर तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवू लागला. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर चहापुरता पगार, आणि सुट्टी लागली तर चहाही घरचा.

त्याला हवं होतं एकच. भुईवाडीची सरपंचकी. बाकी दोघं कुठल्या कुठे गेली हे त्याला खुपत होतं, पण तो म्हणे, "मीरा हुकूम पाळते, सॅन्टन हुकूम झेलतो. हुकूम देणारा मी असेन." असं म्हणताना तो बायकोकडे बघे. विनया मनवेलपाड्याची, बाप मुंबईत विमा कंपनीत, कोकणातून आलेलं पगारदार घर. ती म्हणे, "अहो, हुकूम नंतर द्या, आधी गॅसचा नंबर लावा."

मग दोन अपत्यांचा कायदा आला. ठरलेल्या तारखेनंतर ज्याला तिसरं मूल होईल, त्याने ग्रामपंचायतीला उभंच राहायचं नाही. हरेश्वरच्या अंगात आलं. आपल्या शास्त्रातली एक गोष्ट चालत चालत भुईवाडीपर्यंत आली होती! त्याने ग्रामसभेत कायदा समजावला, साप्ताहिकात लेख लिहिला, बावखलाच्या काठावर येईल त्याला धरून सांगितला. इतकं सांगितलं की गावातल्या कोंबड्या दोन अंडी घातल्यावर मान वर करून इकडे तिकडे बघू लागल्या. एका नवऱ्याने तर भीतीने खाट अंगणात काढली आणि थंडीत कफ होऊन दवाखान्यात गेला.

"तिसरं मूल म्हणजे लोकशाहीशी गद्दारी," हरेश्वर म्हणाला होता. मी पुढच्याच रांगेत होतो. त्याचा पहिला मुलगा विघ्नेश तेव्हा रांगत होता आणि विनया पुन्हा गरोदर होती.

तिला जुळ्या मुली झाल्या.

पेढा द्यायला हरेश्वर बावखलावर आला तेव्हा त्याचा चेहरा पेढ्याच्या खोक्यापेक्षा पांढरा होता. सॅन्टनने दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला आणि बोटं दाखवून मोजलं. "विघ्नेश एक. या दोघी. अरे ए एम. ए., तीन झाले की रे! आता काय, सरपंचकी आम्हालाच ना?" सगळे हसले. मीही हसलो, पेढा चांगला होता.

हरेश्वर हसला नाही. तो घरी गेला आणि त्याने विचार केला. त्याच्यासारख्या माणसाने विचार केला की जवळच्या माणसांनी पळून जावं, पण बाळंतीण कुठे पळणार?

त्याची थोरली बहीण बायजा मिठागराकडच्या गावात दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. नवस झाले, डॉक्टर झाले, आणि आता सासू नवऱ्यासाठी दुसरी बाई बघू लागली होती. बघू लागली म्हणजे काय, बाई घरी येऊन चहा पिऊन गेली होती आणि तो चहा बायजानेच केला होता.

हरेश्वर बायजाकडे गेला. म्हणाला, "बाय, एक पोर तुला देतो. कायमची."

बायजा खाली बसली. "हरी, थट्टा नको करू."

"कायद्याने देतो. दत्तक. मीच लिहितो कागद, ब्रह्मदेव आला तरी फिरवता येणार नाही असा."

"मागाया नाय ना येनार कोनी?"

"कोणीच नाही."

मग तो घरी आला आणि विनयाला म्हणाला, "नुसतं कागदोपत्री आहे. निवडणूक झाली की घेऊन येऊ. वर्षभराचा प्रश्न आहे."

एकच वस्तू दोघींना कबूल करायची आणि दोघींचे आशीर्वाद घ्यायचे, राज्यशास्त्रातला एवढा एक धडा त्याला पुस्तकाबाहेर जमला.

विनया म्हणाली, "मी नाही देणार."

"तू देत नाहीयेस. ठेवायला देतोय आपण. माझी सख्खी बहीण आहे ती."

"कोणती देणार?"

याचं उत्तर कुठल्याच पेपरात नव्हतं. त्याने तिला निवडायला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग त्यानेच ठरवलं. दोघींतली एक रात्रंदिवस रडे, त्याला भाषणाची तयारी करू देत नसे. ती.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. बायजा नवी साडी नेसून आली. एकाच पाळण्यात दोघी होत्या. बायजाने वाकून एकीच्या कानात सांगितलं "अनुष्का" आणि दुसरीच्या कानात "आर्या". बायकांनी पाठीवर धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. आणि बारसं आटोपल्यावर आत्याने आर्याला उचललं, नव्या साडीच्या पदरात गुंडाळलं आणि रिक्षात बसली. दुसऱ्या दिवशी विनयाला वसईला नेऊन दत्तकपत्रावर सही घेतली. सही करताना तिच्या ब्लाउजला ओल आली. तिने पदर ओढून घेतला. कचेरीतला माणूस म्हणाला, "बाई, कागद ओला होईल, जपून."

वर्ष गेलं. विनया दर दोन-चार दिवसांनी विचारी, "निवडणूक कधी?" गावात एवढ्या आतुरतेने निवडणुकीची वाट पाहणारं दुसरं माणूस नव्हतं. हरेश्वरलासुद्धा तिची उत्सुकता बघून बरं वाटे. तो मला म्हणाला, "विनयाला आताशा राजकारणात रस वाटायला लागलाय." मी म्हटलं, "संगतीचा परिणाम."

ती आर्याला बघायला जाई, पण बायजा कधी अंघोळ घालत असे, कधी पोर झोपलेली असे, कधी नणंदेकडे नेलेली असे. एकदा भेटली. विनयाने घेतलं, छातीशी धरलं, तेवढ्यात बायजाची सासू म्हणाली, "आता वरचं दूध लागलंय तिला, उगा सवय लावू नका." दुसरी बाई बघणं त्या सासूने केव्हाच सोडून दिलं होतं. नात मांडीवर आल्यापासून तिला बायजाच्या हातचं जेवणही गोड लागत होतं.

निवडणूक लागली. हरेश्वरने अर्ज भरला, सॅन्टनने भरला. छाननीच्या दिवशी आम्ही सगळे वसईला तहसील कचेरीत. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून कोण बसलं होतं? मीरा. टेबलावर पंखा, समोर अर्ज, शेजारी पाण्याची बाटली. जुन्या ओळखीचं एक अक्षर बोलली नाही. विनया अनुष्काला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. तिने बहुधा आदल्या रात्री आर्याचे कपडे धुऊन ठेवले असावेत, कारण तिच्या पिशवीतून एक झबलं डोकावत होतं. एक वर्ष जुनं, आता त्या पोरीला न होणारं.

हरेश्वरचा अर्ज निघाला. अपत्ये: दोन.

सॅन्टन उभा राहिला. "मॅडम, हरकत. याला तीन मुलं आहेत. एक बहिणीच्या घरात लपवलीय."

"लपवलेली नाही!" हरेश्वर गरजला. "विधिवत दत्तक दिलेली आहे. नोंदणीकृत. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती माझी—"

"थांब," मीरा म्हणाली. मग सरकारी आवाजात, "थांबा. दत्तक देऊन काही होत नाही. कायदा जन्म मोजतो, मूल कुठल्या घरात वाढतं ते मोजत नाही. पोटची तीन ती तीनच."

सॅन्टनच्या माणसांनी टाळी वाजवली. हरेश्वरने खुर्चीची पाठ धरली. राज्य निघालं होतं हातातून.

"पण," मीरा म्हणाली, "या दोन मुली जुळ्या ना?"

"हो."

"एका बाळंतपणातल्या?"

"जुळ्या दोन बाळंतपणांत कशा होतील, मॅडम?" मागून कोणीतरी म्हणालं.

"पहिल्या मुलानंतर एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे. एक मुलगा, एक बाळंतपण. दोन. हरकत फेटाळली. अर्ज वैध." तिने शिक्का मारला. मग पेन खाली ठेवून ती पहिल्यांदाच त्याच्याकडे मीरा म्हणून बघून म्हणाली, "कलम पाठ करायचं आणि खालचं बारीक अक्षर सोडायचं, ही तुझी सवय गेली नाही रे अजून. परीक्षेत चालून जायचं."

हरेश्वरचा चेहरा असा उजळला की कचेरीतले दिवे गेले तरी चाललं असतं. अर्ज वैध! त्याने दोन्ही हात जोडले. त्याला फक्त हे दोन शब्द ऐकू आले होते.

दाराशी उभ्या विनयाला मात्र सगळे ऐकू आले होते. ती हळूच म्हणाली, "म्हणजे द्यायची गरजच नव्हती?"

मीराने पुढचा अर्ज उघडला. पण सॅन्टन एवढ्यावर सोडणारा नव्हता. बाहेर आवारात वडाखाली दोन्हीकडची माणसं जमली, तिथं तो ओरडला, "ऐका हो! खुर्चीसाठी पोटची पोर वाटून टाकली यानं, आणि तीही फुकट! एम. ए. बघा एम. ए.! अरे, मी नापास झालो म्हणून वाचलो!"

लोक हसू लागले. ज्या हसण्याने माणसाची अनामत रक्कम जप्त होते, ते हसणं. भुईवाडीच्या बायका होत्या, पापडीहून बाजाराला आलेल्या बायका थांबल्या होत्या. सगळे हरेश्वरकडे बघत होते, आणि विनयाही बघत होती. तिच्या डोळ्यांत अजूनसुद्धा आशा होती, कारण सत्य एवढं लहान होतं: चुकलो, आत्ता जाऊन घेऊन येतो. एवढं म्हटलं असतं तर रिक्षा समोरच उभी होती.

हरेश्वर वडाच्या पारावर चढला.

"सॅन्टनभाऊंनी माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं भाषण लहान होतं. "मी सांगणार नव्हतो. खुर्चीसाठी दिली? अहो, आत्ताच मॅडमनी सांगितलं, खुर्चीसाठी द्यायची गरजच नव्हती! माझ्यासारख्या राज्यशास्त्राच्या माणसाला हे ठाऊक नसेल? माझ्या बहिणीची कूस रिकामी होती. तिच्या घरात सवत येत होती. भाऊ भाऊबीजेला साडी देतात, मी पोर दिली. ओवाळणी घातली मी तिला. आता हसा."

कोणी हसलं नाही. एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. मग दुसरीने. मग रडण्याची साथ अशी पसरली की कचेरीचा शिपाईसुद्धा नाक ओढू लागला, आणि त्याला बहीणच नव्हती. सॅन्टन तोंड उघडं ठेवून उभा होता. त्याने पुढाऱ्यांच्या गाड्या पुसल्या होत्या, पण असला माल त्यानेही पाहिला नव्हता.

मी विनयाकडे पाहिलं. तिने पिशवीतलं झबलं आत दाबलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरचं बोलणं आमच्या मांडवापर्यंत आलं. चोरून ऐकावं लागलं नाही, मधे फक्त पानवेली होत्या.

"आता आणा तिला."

"आता? वेड लागलंय का तुला?"

"मीरामॅडम म्हणाल्या ना, गरज नव्हती."

"तेव्हा नव्हती गं! आता आहे. आता सगळ्या गावाला सांगून बसलोय. आणली तर मी खोटारडा ठरेन."

"मग नाहीतरी काय आहात?"

"विनया, मतदान होऊ दे."

"आणि मग?"

"मग बघू."

तेवढ्यात अनुष्का रडायला लागली आणि तिला घ्यायला कोणीतरी उठलं.

दुसऱ्या दिवशी विनया एकटीच मिठागराकडे गेली. बायजाने दाराला कडी लावून आतूनच विचारलं, "कोन?" कोण ते कळल्यावरही कडी काढली नाही. "विनया, पाया पडते तुजी," ती आतून म्हणाली. "मला हरीनं सांगितलं व्हतं, कायमची. मी भीक मागितली नव्हती, त्यानं आनून दिली. आता हिला नेलीस तर मला बी या घरातून नेतील. दोघी कुठं जाऊ आमी?" दोघी बायका दाराच्या दोन बाजूंना रडल्या. मधे लाकडाची फळी, आणि आत आर्या वाटी आपटत होती. विनया परत आली.

प्रचारात हरेश्वरला तोंड उघडावं लागलं नाही. भिंतीवर रंगवलं: बहिणीची ओटी भरणारा भाऊ. ज्या घरात त्याला एकही मत नव्हतं तिथल्या सासुरवाशिणींनी उंबरठ्यावर येऊन त्याला ओवाळलं. चर्चजवळच्या घरांतल्या बायकांनी, सॅन्टनच्या नात्यातल्या बायकांनी, नवऱ्यांना पत्ता लागू न देता त्यालाच मत टाकलं. माझ्या म्हातारीनेही. मी विचारलं, "अगं, सगळं खोटं आहे, तुला ठाऊक आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे. पण ऐकायला किती बरं वाटतं."

सॅन्टन पडला. हरेश्वर निवडून आला, आणि सदस्यांनी त्यालाच सरपंच केलं. गुलाल इतका उधळला की बावखलातले मासे आठवडाभर लाल निघत होते.

मिरवणूक त्याच्या अंगणात आली तेव्हा बायजा आलेली होती. येणारच, भावाचा विजय होता. बरोबर नवरा, सासू आणि आर्या. पोर भरलेली, अंगात मखमली फ्रॉक, पायात वाजणारे पैंजण. शेजारी अनुष्का, जुन्या झबल्यात. दोघींचा चेहरा एक होता. बघणाऱ्यांनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

बायजाने तबक घेतलं, भावाला ओवाळलं. पोरीचा हात धरून त्याच्याकडे केला. "सांग, कोन आहेत हे? मामा! मामाला टाटा कर."

हरेश्वरने मामासारखा हात हलवला.

साप्ताहिकाचा फोटोवाला आला होता. हरेश्वरला एक कल्पना सुचली. सुचणारच, आता तो सरपंच होता. "सगळे या. मधे मी, इकडे बाय. आणि विनया, तू खुर्चीवर बस, आर्याला मांडीवर घे. ओवाळणी दिलेली पोर मामीच्या मांडीवर. छान येईल."

विनया बसली. कोणीतरी आर्याला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीने वर पाहिलं. समोर तिच्या जन्मदात्रीचं तोंड होतं. तिने ते नीट निरखलं, ओठ बाहेर काढला, आणि मग असा टाहो फोडला की ढोल वाजवणारे थांबले. दोन्ही हात बायजाकडे पसरून ती मागे मागे रेलत होती, पैंजणांचे पाय विनयाच्या पोटावर झाडत होती.

"इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. "वहिनी, जरा हसा."

विनयाने पोरीला दोन्ही काखांत धरून उचललं आणि पुढे केलं.

"घ्या वन्सं," ती म्हणाली. "तुमची रडतेय."